पाहुणीची निरवानिरव

मी, खाली सही करणारी, वय अडुसष्ट, अविवाहित, धंदा कवळ्या बनवण्याचा, राहणार स्वतःच्या घरात, तळमजल्यावर कारखाना आणि वर दोन खोल्या, हे माझे शेवटचे इच्छापत्र माझ्या हाताने, माझ्याच अक्षरात लिहीत आहे. मला रक्तदाबाची एक गोळी चालू आहे आणि डाव्या कानाने थोडे कमी ऐकू येते. याखेरीज प्रकृतीची तक्रार नाही. हे लिहायला मला कोणी भरीस घातलेले नाही, कोणी धाक दाखवलेला नाही. उलट निम्म्या गल्लीने "आता कशाला?" असेच विचारले आहे.

लिहिण्याचे कारण असे. येत्या वीस तारखेला मी त्या देशात राहायला जात आहे. 'तो देश' म्हणजे कुठला, हे आमच्या गल्लीत कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गेली एकोणपन्नास वर्षे मी तिकडे जायला निघालेली आहे. त्यावरून लोकांनी माझे नाव 'पाहुणी' ठेवले. आधी पाठीमागे म्हणत, मग तोंडावर म्हणू लागले, आणि आता दंतवैद्य पाठवतात त्या मापांच्या डब्यांवरसुद्धा 'पाहुणीबाईंकडे' असे लिहिलेले असते. मला तिकडे एक वर्ष राहण्याचा परवाना मिळाला आहे. परतीचे तिकीट काढलेले नाही. काढायचे नाही असे ठरवले म्हणून नव्हे. तारीख सुचली नाही म्हणून.

माझी धाकटी बहीण एक्केचाळीस वर्षे त्या देशात राहून गेल्या मंगळवारी इकडे आली आहे. तिलाही परत कधी जायचे ते सांगता येत नाही. शेजारच्या वकीलबाई म्हणाल्या, "दोघींपैकी एकीच्याही जाण्यायेण्याचा भरवसा नाही. कागद करून ठेवा." म्हणून हा कागद.

कलम पहिले. याआधी मी दोन मृत्युपत्रे केली होती. पहिले रागात केले होते, दुसरे त्या रागाची लाज वाटून. दोन्ही आजपासून रद्द. दुसऱ्याची प्रत कपाटात सापडली तर त्यातले बहिणीविषयीचे गोड शब्द कोणी खरे धरू नयेत. खरे काय ते खाली लिहीत आहे.

कलम दुसरे, कारखान्याविषयी. तळमजल्यावरील घासणीचे यंत्र, उकळायचे दोन हंडे, पितळी साच्यांच्या चौदा जोड्या, जबडा जुळवायच्या तीन चौकटी, मेणाच्या सुऱ्या आणि छटांप्रमाणे लावलेले दातांचे सगळे खण माझ्या सहकारीणबाईला द्यावेत. ती सव्वीस वर्षे माझ्या समोरच्या बाकावर बसते. आल्यावर पहिल्याच आठवड्यात तिने मला सुनावले होते, "बाई, तुम्ही नुसता जबडा बघता. हा म्हातारा हसताना तोंडावर हात धरतो, ते बघितलंत का? याला एवढे पांढरेशुभ्र दात लावले तर तो मरेपर्यंत हात काढायचा नाही." मी दात काढून पिवळसर छटेचे लावले. म्हाताऱ्याने हात काढला. त्या दिवसापासून छटा ती निवडते.

अट एकच. फळीवर मृत गिऱ्हाइकांचे प्लास्टरचे जबडे आहेत, ते तिने फोडून टाकावेत. मला आजवर ते धाडस झाले नाही. मी एकेक उचलते, याचा आवाज कसा होता ते आठवते, आणि परत ठेवते. फळी वाकली आहे.

मोठ्या घासणीच्या मोटारीला सुरू करताना डाव्या बाजूने हलकी थाप मारावी लागते. हे तिला माहीत आहे, पण कागदावर असावे.

कलम तिसरे, वर्तमानपत्रांविषयी. माझ्या खोलीतल्या पत्र्याच्या पेटीत त्या देशातील वर्तमानपत्रांची एकशे बारा पाने आहेत. सगळी चुरगळून पुन्हा इस्त्री केलेली. ती कुठून आली ते सांगणे भाग आहे, कारण माझे सगळे तिथूनच सुरू झाले.

मी एकोणिसाव्या वर्षी या कारखान्यात कामाला लागले. तेव्हा जुने मालक होते. चांगले चिनी मातीचे दात त्या काळी त्या देशातल्या एका कारखान्यातून येत. लाकडी खोक्यात डब्या असत आणि डब्यांमध्ये त्यांच्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबलेले असत. बोळे फेकणे हे माझे काम. एका बोळ्यावर मला एक चित्र दिसले. सायकलवर बसलेली एक बाई, खांद्यावर उंच शिडी, आणि मागच्या फुटपाथवरची माणसे तिच्याकडे अजिबात बघत नाहीत. मी तो कागद टेबलावर सरळ केला. आमच्या गल्लीत बाई शिडी घेऊन सायकलवरून गेली असती तर चहाची दुकाने रिकामी झाली असती. तिथे कोणी मान वळवत नव्हते. मला ते बघणे थांबवता येईना.

मग मी त्यांच्या भाषेचा कोश मिळवला. रद्दीच्या दुकानात, मागचा पुठ्ठा नसलेला. चार-चार शब्द लावत मी बोळे वाचू लागले. हवामान, नळदुरुस्ती, मृत्यूच्या बातम्या. आणि एक दिवस, छोट्या जाहिरातींत, हे सापडले. मी लावलेला अर्थ असा होता: 'हरवला आहे: डाव्या हाताचा राखाडी लोकरी हातमोजा. ज्याला सापडेल त्याने कृपया उजवाही घेऊन जावा.'

मी ते पुन्हा पुन्हा वाचले. एका हातमोज्याचा मला काय उपयोग, ज्याला डावा मिळाला त्याला जोडी तरी होऊ दे, असा विचार करणारे आणि त्यासाठी खर्च करून जाहिरात देणारे माणूस ज्या देशात आहे, तिथे आपण राहायचे, असे माझे त्या बाकावर बसल्या बसल्या ठरले. वडील दोन वर्षांपूर्वी गेले होते. आई धाकटीच्या शाळेच्या चिंतेत. घरी सांगितले तेव्हा आई म्हणाली, "जा हो. आधी दळण घेऊन ये."

ही पाने कोणाला द्यावीत ते मला ठरवता आलेले नाही. वाचनालयाने नको म्हटले. सध्या 'उरलेली चीजवस्तू' या सदरात धरावीत.

कलम चौथे, कोश, ती भाषा शिकताना भरलेल्या अकरा वह्या आणि रेडिओ. हे सर्व बहिणीला. ती यातले काही उघडणार नाही हे मला ठाऊक आहे. तरीही तिलाच, कारण खालील हकिकतीत तिचा भाग आहे.

मी सत्तावीस वर्षांची असताना त्या दातांच्या कारखान्याने कवळीच्या हिरड्यांसाठी नव्या प्रकारचा माल काढला आणि तो कसा शिजवायचा हे दाखवायला आपला एक माणूस तीन आठवड्यांसाठी आमच्याकडे पाठवला. उंच, शांत, कानांच्या पाळ्या लाल. त्याची भाषा येणारी गावात मी एकटी. मालकांनी मला दुभाषी केले. दिवसभर तो बोलायचा, मी सांगायची. काम संपले की मी त्याला प्रश्न विचारायची. तुमच्याकडे खिडक्यांना पडदे का नसतात, दुकानात शिरताना सगळ्यांना नमस्कार करतात तो आतल्या माणसांना की दुकानाला, मुलं आईला एकेरीत हाक मारतात का. तो प्रत्येक प्रश्नावर आधी जरा थांबायचा, मग उत्तर द्यायचा. अर्धी उत्तरे "मला माहीत नाही, मी कधी लक्ष दिलं नाही" अशीच होती.

तीन-चार वेळा तो आमच्या घरी आला. धाकटी तेव्हा बावीसची. ती चहा आणून ठेवायची आणि खिडकीत बसून शिवण करायची. त्या देशाचे तिला सोयरसुतक नव्हते. मी जेवताना तिकडच्या गोष्टी काढल्या की ती म्हणायची, "ताई, मीठ दे, आणि तुझा देश जरा बाजूला सरकव."

तिसऱ्या आठवड्यात, साचे उघडत असताना, त्याने मला विचारले, "एखाद्याला 'माझ्याबरोबर चल' असं तुमच्या भाषेत कसं विचारतात?"

मी म्हटले, "माझ्याबरोबर येशील का?"

त्याला ते म्हणता येईना. तो 'येसील' म्हणायचा. आता माझा धंदाच असा की मेणात दात बसवून दंतवैद्याकडे पाठवले की तिथे माणसाकडून 'स' आणि 'श' म्हणवून घेतात. शीळ आली तर पुढचे दात चुकले. मी त्याला दोन दिवस शिकवले. "दात जवळ आणा. जीभ मागे. येशील. पुन्हा." माझे हात प्लास्टरने कोपरापर्यंत पांढरे होते. तो माझ्याकडे बघून शंभर वेळा म्हणाला, "माझ्याबरोबर येशील का?" शेवटी शेवटी ते अगदी शुद्ध आले. सहकाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला आणि खिडकीपाशी जाऊन त्याने ते वाक्य धाकटीला म्हटले.

धाकटीने सुई तशीच धरून माझ्याकडे पाहिले. "हे तू शिकवलंस का त्याला?"

"हो," मी म्हटले. खोटे काय बोलणार?

"म्हणजे तुला माहीत होतं?"

यावरही मी "हो" म्हटले. हे मात्र खोटे होते. माझ्या आयुष्यातले सर्वांत मोठे खोटे एका अक्षराचे आहे.

"मग जाऊ?"

"जा."

तो वाईट माणूस नव्हता. माझ्याकडून काही लपवतो आहे असे त्याला वाटतही नव्हते. त्याला वाटत होते की मी सगळे समजून त्याची तयारी करून घेते आहे. आणि मला त्या दोन दिवसांत काय वाटत होते, हे मी इतक्या वर्षांत स्वतःला नीट विचारलेले नाही. मला तो हवा होता की त्याचा देश, का तो देश आपल्याला येऊन विचारतो आहे एवढेच, हे मला आजही सांगता येत नाही. राग मात्र खरा होता. लग्नात मीच दुभाषी होते.

पहिले मृत्युपत्र या रागातले. त्यात बहिणीला फक्त एक सुई ठेवली होती. आता ते रद्द आहे, हे वर लिहिलेच आहे.

कलम पाचवे, ज्यांना काही ठेवलेले नाही त्यांच्याविषयी. जुन्या मालकांच्या मुलाला काही नाही, कारण त्याला सगळे आधीच मिळाले होते आणि ते त्याने घालवले. गल्लीच्या तोंडावरच्या शिंप्याला काही नाही. माझा तिकडचा थंडीचा कोट त्याने चाळीस वर्षांपूर्वी शिवला आणि दर दोन वर्षांनी "पाहुणी, कोट अजून अंगाला येतो का, का सैल करू?" असे विचारून गल्लीला हसवले. त्याला माफ केले आहे, पण ते त्याला कळवू नये. कोट अजून येतो.

कलम सहावे, बँकेतील शिल्लक. माझ्या मागे जे असेल ते बहिणीला आणि सहकारीणबाईला सारखे. यावर जास्त लिहिण्यासारखे काही नाही.

कलम सातवे, घराविषयी. हे कलम मी तीनदा लिहून फाडले आहे. वकीलबाई म्हणतात, नुसते 'अमुकला द्यावे' लिहा, का द्यावे ते लिहिण्याची गरज नाही. पण कारण माझ्यासाठीच लिहायला हवे, नाहीतर मला सही करता येणार नाही.

धाकटीच्या लग्नानंतर आठ महिन्यांनी मेहुण्यांनी खटपट करून मला त्यांच्या गावातल्या एका कारखान्यात जागा मिळवली. तसे पत्र आले. त्याच महिन्यात आई मोरीत पडली आणि पुन्हा उठली नाही. ती अकरा वर्षे अंथरुणावर होती. मी पत्राला त्यांच्या भाषेत उत्तर लिहिले, त्यात एकही चूक नव्हती, आणि कामाला लागले. यात कोणाचा दोष नाही. आईने एकदाच म्हटले, "माझ्यामुळे राहिलीस." मी म्हटले, "नाही गं, थंडी सोसत नाही मला." कोट समोर खुंटीवर होता.

आई गेली तेव्हा मी एकोणचाळीसची होते. मग का गेले नाही? या प्रश्नाचे माझ्याकडे एकही धड उत्तर नाही. मालकांनी कारखाना मला विकला, ते एक. हातात कामे होती. लोकांना दात हवे असतात, ते पुढच्या वर्षावर ढकलता येत नाहीत. पण ही कारणे मी दुसऱ्यांना सांगायची आणि स्वतः ऐकून घ्यायची. रोज सकाळी रेडिओवर तिकडच्या बंदरांचे हवामान ऐकायचे आणि खाली जाऊन मेण तापवायचे. असे दिवस गेले. ते वाईट नव्हते.

बासष्टाव्या वर्षी मी पहिल्यांदा तिकडे गेले. तीन आठवडे, बहिणीकडे. विमानातून उतरल्यावर अधिकाऱ्याने काहीतरी विचारले, मी उत्तर दिले, आणि तो मान वर करून माझ्याकडे बघत राहिला. असे पुढे सगळीकडे झाले. शेवटी बहिणीच्या घराजवळच्या पावाच्या दुकानातल्या बाईने उलगडा केला. ती म्हणाली, "तुम्ही माझ्या आजीसारखं बोलता. ते शब्द आता कोणी वापरत नाही. ती जाऊन तीस वर्षं झाली. अजून काहीतरी बोला ना." मी त्या देशात तीन आठवड्यांत बावीस पाव विकत घेतले. बोलायला निमित्त हवे म्हणून. ते खायचे कोणी, यावरून मेहुणे आणि बहीण यांच्यात वाद झाला.

त्यांचे घर बघून मी गोंधळले. बाहेरून ते चित्रातल्यासारखे, पडदे नसलेल्या खिडक्यांचे. आत स्वयंपाकघरात मात्र डबे आईने लावले होते त्याच क्रमाने. भिंतीवर आमच्या गल्लीचा फोटो. बहिणीला तिकडची भाषा बाजारापुरतीच येते. ती मला विचारत राहिली, "आपल्या तिसऱ्या पायरीचा तडा अजून तसाच आहे का? नळ उघडला की अजून खोकतो का?" मी सांगितले की पायरी मी पंधरा वर्षांपूर्वीच नवी बसवली आणि नळही बदलला. तिने भांडी घासायला घेतली आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाही. मला तिचा राग कळला नाही. तिने माझ्या देशात राहून माझ्याच घराची आस धरून बसावे, हे मला उधळेपणाचे वाटले.

आणखी एक गोष्ट तिथे घडली. मी हातमोज्याच्या जाहिरातीचे कात्रण बरोबर नेले होते. एका दुपारी ते मेहुण्यांना दाखवले. म्हटले, या माणसामुळे मी तुमची भाषा शिकले. त्यांनी चष्मा लावून वाचले. मग पुन्हा वाचले. मी विचारले, "काय झालं?"

ते म्हणाले, "हा शब्द उजव्या हातमोज्यासाठी नाही. शेवटचं अक्षर बघ. 'उजवीकडे आणून द्यावा' असं आहे. वर पत्ता आहे. जिन्याच्या उजवीकडचं दार."

मी कात्रण हातात घेतले. तेवढे व्याकरण मला तिसऱ्या वहीपासून येत होते. मी ते वाक्य नंतर कधी पुन्हा वाचलेच नव्हते. मला ते पाठ होते.

त्यांच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. मग म्हणाले, "तुझा अर्थ जास्त चांगला आहे. तोच ठेव."

निघायच्या दोन दिवस आधी बहीण आणि ते मला वरच्या मजल्यावरच्या खोलीत घेऊन गेले. पलंग, टेबल, खिडकी, खिडकीतून बंदराचा एक कोपरा. बहीण म्हणाली, "ताई, ही तुझी. कागदपत्रांचं हे बघतील. राहा आता." त्रेचाळीस वर्षे मी ज्याची वाट बघितली ते कोणीतरी मला पलंगाच्या नव्या चादरीसकट देत होते. मी म्हटले, "नको. एका बाईच्या कवळीचं माप अर्धवट राहिलंय."

मी इथून निघाले तेव्हा ते खरे होते. पण ती कवळी सहकारीणबाईने केव्हाच पुरी केली होती आणि मला ते माहीत होते. मी का नको म्हटले? हातमोज्यामुळे? वयामुळे? तिथे राहायला लागले की तिकडे जायचे असे काही उरणार नाही, म्हणून? इकडे परतले आणि दुसऱ्या दिवसापासून मला त्या खोलीची आठवण येऊ लागली. ती आजतागायत येते. मी हे सहकारीणबाईला सांगितले तेव्हा ती म्हणाली, "बाई, काही लोकांना कवळी तोंडात टोचते आणि काढली की तोंड ओकंबोकं वाटतं. त्यांना आपण काय म्हणतो? सवय होईल. झाली नाही तर या परत." मला हसू आले.

मेहुणे दोन वर्षांपूर्वी गेले. बहीण त्या घरात एकटी. मागच्या उन्हाळ्यात तिने फोनवर सांगितले, "मला घरी यायचंय." मी विचारले, "किती दिवस?" ती म्हणाली, "दिवस काय विचारतेस, घरी यायचंय म्हटलं ना." आणि पुढच्याच वाक्यात, "माझं घर रिकामं पडेल. तू येऊन राहा. तुझी खोली तशीच आहे." या वेळी मी हो म्हटले. का हो म्हटले, तेही मला नीट माहीत नाही. बहुधा विचारणारी एकटी होती म्हणून.

तर ती मंगळवारी आली. आल्या आल्या तिने तिसऱ्या पायरीवर पाय ठेवून बघितला. मग घरभर फिरली. बुधवारी दुकानात गेली आणि आत शिरताना सगळ्यांना नमस्कार केला. लोक बघत राहिले. परत येऊन मला म्हणाली, "किती आखडू लोक आहेत. आमच्याकडे असं नसतं."

'आमच्याकडे' म्हटल्यावर आम्ही दोघी एकमेकींकडे पाहू लागलो. ती खुर्चीवर बसली.

तेव्हा मी ते विचारले, जे एक्केचाळीस वर्षे विचारले नव्हते. "तुला तो आवडला होता का गं? तेव्हा, खिडकीत?"

ती म्हणाली, "मी त्याला धड बघितलंसुद्धा नव्हतं. नंतर आवडला. खूप आवडला. पण तेव्हा नाही."

"मग गेलीस का?"

"तुझ्यासाठी," ती म्हणाली. "तूच त्याला ते वाक्य शिकवलंस. मला वाटलं, तुला तिकडे जायचंय, रस्ता मिळत नाहीये, म्हणून तू मला पुढे पाठवते आहेस. मी गेले की तुला बोलावता येईल. मी पहिल्याच महिन्यात यांच्या मागे लागले, ताईला नोकरी बघा म्हणून. ते पत्र मी पाठवायला लावलं होतं."

मी म्हटले, "मी काही पाठवलं नाही तुला. मला वाटलं होतं तो मला विचारणार आहे."

ती मग म्हणाली, "हे तू तेव्हा सांगितलं असतंस तर मी सुई टोचली असती त्याला."

"आणि मग?"

"मग मला काय माहीत."

आम्ही दोघी हसलो, मग तिला रडू आले, मग तिने मला खडसावले की डबे कोणी हलवले. गेले चार दिवस मी हे उलटसुलट करून बघते आहे. ती माझ्या वाट्याचे जगली की मी तिच्या, हे ठरत नाही. तिने माझ्यासाठी केलेली गोष्ट मी तिच्याविरुद्ध धरून ठेवली, आणि माझे खोटे 'हो' तिने माझी इच्छा समजून पाळले. आता ती माझ्या घरात अनोळखी आहे आणि मी तिच्या घरी निघाले आहे. रागवायला कोणी उरलेले नाही, याने मला हलके वाटायला हवे होते. तसे वाटत नाही.

असो. घराबाबत माझी इच्छा अशी. हे घर बहिणीला तिच्या हयातीत राहण्यासाठी असावे. तिने राहावे, सोडावे, पुन्हा यावे, तिला कोणी तारीख विचारू नये. तिच्यानंतर घर सहकारीणबाईचे किंवा तिच्या वारसांचे. तळमजल्यावर कारखाना चालू राहील तोवर घासणीचा आवाज बहिणीने सहन करावा. डबे तिला हवे तसे लावावेत.

कलम आठवे, देहाविषयी. मी तिकडे मेले तर मला इकडे आणू नये आणि इकडे मेले तर तिकडे नेऊ नये. जिथे असेन तिथल्या रीतीने, तिथल्या माणसांना जे सोपे पडेल ते करावे. मरताना मी तिकडची भाषा बोलत असेन आणि आसपास ती कोणाला कळत नसेल, तर मी पाणी मागते आहे असे समजावे.

कलम नववे. या मृत्युपत्राच्या व्यवस्थापक म्हणून मी वकीलबाईंना नेमते. त्या हो म्हणाल्या आहेत. त्यांनी हा मजकूर वाचून निम्मा काढायला सांगितला होता. मी एक ओळ काढली, ती शिंप्याविषयी होती.

कलम दहावे. हे कलम बहिणीने सुचवले. मी लिहीत असताना ती समोर बसून बटाटे सोलत होती. मध्येच म्हणाली, "मी तिकडे कुणासाठी गेले ते लिहिलंस?"

"लिहिलं."

"मग तू कुणासाठी चालली आहेस, तेही लिही. नंतर कोणाचा घोळ नको."

मी 'मी त्या देशात जात आहे ती' एवढे लिहिले आणि थांबले. तिच्यासाठी, असे लिहावे तर ती इथे आहे. माझ्यासाठी म्हणावे, तर ती शिडी घेऊन जाणारी बाई बघत बसलेली एकोणीस वर्षांची मुलगी मला आता नीट ओळखीची वाटत नाही. मी पाऊण तास बसले. बटाटे उकडून झाले.

पुढची जागा कोरी ठेवली होती. वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्रात कोरी जागा सोडता येत नाही, मागाहून कोणी काहीही भरेल. म्हणून त्या जागेवर त्यांच्यासमोर आडवी रेघ मारून मी तिच्या टोकाला सही केली आहे. बहिणीलाही शेजारी सही करायची होती. लाभार्थीने सही करायची नसते असे तिला समजावले. तिने रेघ सरळ आली आहे का, तेवढे वाकून बघितले.

मी त्या देशात जात आहे ती ———————————————

वरील मजकूर मी स्वतः लिहिला, वाचला, बहिणीला मोठ्याने वाचून दाखवला आणि खालील दोन साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

मृत्युपत्र करणार: (सही) थोरली, कवळ्यांच्या कारखान्याची मालकीण

साक्षीदार पहिला: (सही) समोरच्या औषध दुकानाचे मालक. दुकान अर्धा तास बंद ठेवून आले.

साक्षीदार दुसरा: (सही) निवृत्त बसवाहक. मी केलेली कवळी एकोणीस वर्षे वापरतात. सही करताना म्हणाले, "पाहुणी, सैल झाली तर मी कुणाकडे यायचं?" सहकारीणबाईकडे बोट दाखवले.

ठिकाण: राहते घर, वरची खोली, स्वयंपाकाचे टेबल

तारीख: चौदा मार्च, सकाळी अकरा